कुरकुरीत आभार

बुलडाणा जिल्ह्यात आभार मानण्याचं काम ज्याच्या वाट्याला येतं, त्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यात खाली असतं. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, स्वागतोत्सुक ही उतरंड लागून झाली की जो कोणी उरतो, तो रुसू नये म्हणून त्याला 'आभारप्रदर्शन' देतात. मंचावर एक खुर्ची कमी पडली तर ती त्याचीच. तो माईकसमोर येतो तेव्हा अध्यक्ष चपला शोधत असतात, मंडळी अल्पोपाहाराकडे सरकलेली असतात आणि मंडपवाला सतरंजीचं एक टोक धरून उभा असतो. मंडप, लाईट, पाण्याचे जार आणि 'ज्ञात-अज्ञात हात' यांचे तो एकट्यानं आभार मानतो. माईकवाल्याचं नाव घेतलं रे घेतलं की माईकवाला माईक बंद करतो.

जाहीर कृतज्ञतेचा आमच्याकडचा व्यवहार एवढाच. घरात तेवढाही नाही. मी चिखलीचा. इथं बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केल्यावर नवरा 'धन्यवाद' म्हणाला, तर ती आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहील आणि मग विचारील, "किती हरवले?"

अशा मुलखात अलीकडे दिवाळी जवळ आली की मोबाईलमध्ये कृतज्ञतेचा पूर येतो. 'सणासुदीच्या धावपळीत मन शांत ठेवायचंय? रोज सकाळी पाच मिनिटं स्वतःला द्या. तीन चांगल्या गोष्टी लिहून काढा. एक दीर्घ श्वास घ्या. घरच्यांना मनापासून धन्यवाद म्हणा.' सोबत चित्र असतं. खिडकीत बसलेली एक बाई, हातात वाफाळता कप, चेहऱ्यावर स्मित. तिच्या मागं ना तळणीची कढई दिसते, ना गावाहून आलेली आतेसासू. आमच्या शेजारच्या काकूंनी ते चित्र चष्म्यातून आणि चष्म्यावरून असं दोन्ही प्रकारे पाहिलं आणि विचारलं, "हिच्या घरी सुतक हाय का? दिवाळीच्या तोंडावर इतकी मोकळी कशी बसली बाई?"

काकूंचा प्रश्न बिनतोड होता. शहरातल्या माणसाला दिवाळी म्हणजे सुट्टी. आमच्याकडे सण आणि सुगी एकमेकींच्या उरावर बसतात. सोयाबीन सोंगून सुडी लावलेली असते, आभाळात परतीचा पाऊस दबा धरून असतो, ताडपत्री भावाकडे असते आणि थ्रेशर भलत्याच्याच वावरात अडकलेलं असतं. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. बाजार समितीतला भाव त्या आकड्याकडे खालून मान वर करून पाहतो. माल नेला की ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघतो. घरी आणून पुन्हा वाळत घालावा तर अंगणात बायकोनं शेणाचा सडा टाकून रांगोळीची जागा आखून ठेवलेली. तिकडं कापूस फुटलेला. वेचणीला बाया मिळत नाहीत, आणि मिळतात त्यांनाही घरी जाऊन चकल्या पाडायच्याच असतात.

इतर जिल्ह्यांना निदान दसरा ते दिवाळी थोडी उसंत मिळते. आमच्या खामगावकरांना तीही नको असते. सगळीकडच्या देवी दसऱ्याला शिरल्या की खामगावची मोठी देवी कोजागिरीला बसते. पुढं दहा-बारा दिवस गाव तिच्यापायी जागं. या उत्सवाला म्हणतात शांती उत्सव. त्या गर्दीतून धनत्रयोदशीची चांदी घ्यायला सराफ्यात शिरून पाहा. खामगावची चांदी शुद्ध म्हणून चारी बाजूंनी माणूस तिथं येतो आणि सगळा एकाच बोळात येतो.

मग पुण्याहून मुलं येतात. ट्रॅव्हल्सवाल्यानं भाडं कितीला नेलं, हा दिवाळीचा पहिला फराळ. तो चहाबरोबरच वाढला जातो. मुलांच्या मागोमाग पाहुणे येतात, आणि आमच्याकडचा पाहुणा कळवून येत नाही. ही या मातीचीच रीत असावी. लोणारला हजारो वर्षांपूर्वी वरून एक जण असाच न कळवता आला आणि पावणेदोन किलोमीटरचा खड्डा पाडून बसला. त्याच्या सरोवराचं पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हा ते पाहायला आणखी पाहुणे आले.

तर या सगळ्या घाईत शेजारच्या काकूंकडे एक वही आली. पुण्याच्या सुनेनं आणली. जाड पुठ्ठा, सोनेरी कडा, आत रेशमी खुणेची फीत. प्रत्येक पानावर छापलेलं, 'आज मी कृतज्ञ आहे, कारण' आणि खाली तीन रेघा. सून गुणी आहे. सासूची दिवाळीतली दगदग तिला पाहवत नाही, आणि कंपनीत तिला हेच शिकवलेलं आहे.

"आई, रोज फक्त पाच मिनिटं द्यायची स्वतःला."

"देतो ना माय," काकू म्हणाल्या. "पन कोनते पाच ते तेवढे तू काढून दे."

सुनेनं पहाटेची पाच सुचवली. पहाटे पाणी येतं. दुपारची सुचवली, दुपारी चक्कीवरून भाजणी आणायची होती. रात्रीची सुचवली, तर काकू म्हणाल्या की रात्री त्या झोपतात, आणि एवढी एक सवय त्यांना सोडवत नाही.

मी त्या घरात गेलो तेव्हा अनारसे चालले होते. ज्यांनी अनारसा फक्त खाल्लाय त्यांना सांगतो, हा पदार्थ म्हणजे रांगेत उभं राहण्याची परीक्षा आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, निथळून सावलीत वाळवायचे, दमट असतानाच कुटायचे, गूळ घालून गोळा करायचा आणि डब्यात मुरत ठेवून त्याला विसरून जायचं. मग खसखशीवर बोटांनी थापायचा. खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही. झाऱ्यानं वरून तूप उडवत बसायचं. एवढं करूनही पीठ जरा सैल असलं किंवा मुरण्यात कमी-जास्त झालं, की अनारसा तुपात पडल्या पडल्या जाळी सोडून चारी दिशांना पांगतो. त्याला अनारसा हसला म्हणतात. त्या दिवशी त्या घरात सकाळपासून हसलेला तो एकटाच होता.

काकूंच्या कपाळावर घाम, हातात झारा, कढईत एक अनारसा हसावं की नाही या विचारात. सून दाराशी उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "आई, आत्ता या क्षणी फक्त श्वासावर लक्ष द्या."

"माह्यं लक्ष अनारशावर हाय," काकू मान न वळवता म्हणाल्या. "श्वास त्याचा तो चालू हाय."

सुनेची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण तिच्या वहीमागं शास्त्र आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटानं दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या. दुसऱ्यानं कटकटी लिहायच्या. तिसऱ्यानं नुसतं काय घडलं ते. पहिला गट अधिक समाधानी आणि आशावादी निघाला, व्यायामही जास्त करू लागला. पुढं २००५ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या ते लिहायला लावलं. त्याचा गुण सहा महिन्यांपर्यंत टिकला. काकूंच्या वहीतल्या तीन रेघा बहुधा तिथूनच आल्या.

माझी शंका त्या दुसऱ्या गटाबद्दल आहे. कटकटी लिहिणारी माणसं समाधानी झाली नाहीत, कारण ती आमच्याकडून भरती केलेली नव्हती. वऱ्हाडी माणसाला दहा आठवडे कटकटी लिहायचं अधिकृत काम दिलं असतं तर तो पहिल्याच आठवड्यात पुरवणी मागता आणि दहाव्या आठवड्याला वजन वाढवून, गालावर तेज घेऊन बाहेर पडता. त्याच्या मनाला थंडावा मिळतो तो पारावर बसून पाऊस, भाव, व्याही आणि सरकार या क्रमानं बोलण्यात.

याच शास्त्रातला आणखी एक निष्कर्ष मला फार आवडतो. सोन्या ल्युबोमिर्स्की या संशोधक बाईंनी काही लोकांना आठवड्यातून एकदा आणि काहींना तीनदा कृतज्ञता मोजायला लावली. एकदावाल्यांना फायदा झाला, तीनदावाल्यांना नाही. रोजरोज तेच केलं की त्यातला जीव जातो. आमच्या पूर्वजांनी हे कोणत्याही प्रयोगाविना ओळखलं होतं आणि सावधगिरी म्हणून प्रमाण आणखी खाली आणलं होतं. वर्षातून एकदा.

तो दिवस पोळ्याचा. श्रावण अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी, अजूनही ज्यांच्या दावणीला बैल आहेत, त्यांच्या गोठ्यात जाऊन पाहा. बैल धुऊन आणलेले असतात. घरधनी गरम पाण्यानं बैलाचा खांदा शेकतो. वर्षभर जू वाहून तिथं घट्टा पडलेला असतो. केस गेलेले, कातडी जाड आणि काळी. त्या जागेवर तूप-हळद लावून तो हळूहळू चोळत राहतो. ही खांदेमळणी. एरवी ज्या माणसाच्या तोंडून त्या बैलाच्या सात पिढ्यांचा उद्धार आख्ख्या शिवारानं ऐकलेला असतो, तो या वेळी एक शब्द वाकडा बोलत नाही. चोळून झालं की तो बैलाला निमंत्रण देतो. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. अहोजाहो करून! दुसऱ्या दिवशी बैलाला नांगर नाही, वखर नाही, चाबूक नाही. शिंगांना रंग आणि बेगड, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग, नवी वेसण, नवा कासरा. वेशीत तोरणाखालून मिरवणूक आणि घरी पुरणपोळी. बैल घरोघरी नेणाऱ्या गड्याच्या हातावर बोजारा पडतो तो वेगळा.

जिल्ह्यात बैल कमी झाले तरी रीत थांबलेली नाही. ट्रॅक्टर धुऊन त्याला हळदकुंकू लावणारे आहेत. ट्रॅक्टरला पुरणपोळी चालत नाही एवढी एक बचत. कापसाच्या पहिल्या वेचणीला वावरात सीतादही होतं, दहीभात शिंपडून कापसाच्या झाडांपुढं हात जोडतात. दसऱ्याला विळा, कुदळ, वजनकाटा, दुकानाचा गल्ला, दारातली मोटारसायकल, सगळ्यांना झेंडूचं फूल. लक्ष्मीपूजनाला नवा फडा, म्हणजे तुमची केरसुणी, पाटावर मांडून तिला कुंकू लावतात. एकदा सगळी यादी नजरेखालून घाला, मग ध्यानात येतं की आम्ही कृतघ्न मुळीच नाही. फक्त आभार कोणाचे मानायचे याचा एक अलिखित नियम आहे. जो उलटून बोलू शकत नाही, त्याचेच मानायचे. बैलाला 'आवतण घ्या' म्हटलं तर तो 'आजच बरी आठवण झाली' असं म्हणत नाही.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काकांनी भावाच्या गोठ्यात हौसेनं खांदेमळणी केली. काका निवृत्त ग्रामसेवक. घरी येऊन त्यांनी बैल कसा डोळे मिटून उभा होता ते रंगवून सांगितलं. काकू उद्याच्या पुरणाची डाळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "बैलाले एक दिवस आधी आवतन. चांगलं हाय. माह्यं लगीन होऊन चाळीस वर्सं झाले, मले अजून कोनी 'उद्या जेवाले ये' नाही म्हनलं." काकांनी पेपर उघडला. तो कालचा होता, तरी त्यांनी वाचला.

एक गैरसमज मात्र होऊ नये. आमच्याकडे माणसांचे आभार मानतातच. फक्त ते ओळखू येऊ नयेत अशी काळजी घेतात. तुम्ही कोणाकडे मिठाईचा पुडा घेऊन जा. यजमान 'वा, छान' म्हणणार नाही. तो कपाळावर आठी घालून म्हणेल, "हे काय कायले आनलं? पैसे वर आले का?" ही आठी जितकी खोल तितका तो भारावलेला. जेवण उत्तम झालं असेल तर घरचा पुरुष तशी तक्रार करतो. "इतकं कोठी करत असतात का? आता माणूस उठन कसा?" याच्या पुढची पायरी म्हणजे काहीच न बोलता तिसऱ्यांदा ताट पुढं करणं. आणि सर्वोच्च प्रशस्ती, जी मी मोठमोठ्या लग्नांतसुद्धा क्वचितच ऐकली, ती अशी: "मीठ बरोबर हाय." ही ऐकलेल्या बाया ते वाक्य तारखेनिशी लक्षात ठेवतात.

निघायच्या वेळी तर कृतज्ञतेची झोंबाझोंबी होते. मुलाच्या पिशवीत आई तुरीची डाळ, लोणच्याची बरणी, शेंगदाणे आणि उरलेला सगळा चिवडा कोंबते. मुलगा म्हणतो, "आई, पुण्यात सगळं मिळते." आई म्हणते, "मिळत असन, मंग ठेव इथंच," आणि आणखी एक डबा कोंबते. नातवाच्या मुठीत आत्या शंभराची नोट दाबते. नातवाचा बाप ती काढून परत देतो, आत्या पुन्हा दाबते, बाप पुन्हा काढतो. नातू नोटेचं एक टोक घट्ट धरून शांत उभा असतो. त्याला या खटल्याचा निकाल ठाऊक असतो. गाडी सुटेपर्यंत दोन्ही बाजूंनी एकही गोड शब्द निघत नाही. सगळी वाक्यं 'कायले', 'काहून' आणि 'उगाच' यांनी सुरू होतात, आणि गाडी वळणाआड गेली तरी कोणी जागचं हलत नाही.

हे सगळं सुनेला सांगून पटण्यासारखं नव्हतं. तिनं मार्ग काढला, शेगावला जाऊ. दिवाळीच्या सुट्टीत अर्ध्या महाराष्ट्राला हाच मार्ग सुचतो. पण मान्य केलं पाहिजे, गर्दीत माणूस शांत कसा राहतो ते पाहायचं तर आमच्या जिल्ह्यात शेगावसारखी जागा नाही. संस्थान १९०८ सालचं, गजानन महाराज हयात असतानाचं. दर्शनाची रांग तासन्‌तास चालते, पण रेटारेटी नाही, ओरडा नाही. पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी हात जोडून प्रत्येकाला 'माउली' म्हणतात. 'माउली, पुढं चला.' 'माउली, बाळाला कडेवर घ्या.' ज्याला आयुष्यात 'ए' आणि 'ओ' याखेरीज कोणी हाक मारली नाही, असा माणूस तिथं तासाभरात इतक्या वेळा माउली होतो की चालणंच बदलतं. तोही मागच्याला म्हणतो, "माउली, तुम्ही व्हा पुढं." फुकट महाप्रसाद घेऊन, स्वतःचं ताट नीट उचलून ठेवून तो बाहेर येतो तेव्हा चेहरा मोबाईलमधल्या त्या खिडकीतल्या बाईसारखा झालेला असतो.

पुढची पाच मिनिटं फार बघण्यासारखी. देवळाबाहेर कचोरी. तीरथराम शर्मा फाळणीनंतर इकडं आले आणि १९५० च्या सुमारास त्यांनी शेगाव स्टेशनावर ती विकायला सुरुवात केली, तेव्हापासून ही कचोरी खाल्ल्याशिवाय दर्शन लागू होत नाही अशी समजूत आहे. काउंटरवर मघाचाच माणूस. हातात नोट, कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत. "ओ भाऊ, मी आधी आलो! माह्या आधी त्याले कशी देली?" ज्याला कोपर लागलं, तो मघाशी रांगेत याच्यापुढं गेलेला माउली असतो. तळलेली मिरची कमी पडली यावरून दोन माउल्यांची जुंपलेली मी पाहिली आहे. तिसऱ्या माउलीनं ती सोडवली आणि त्या गडबडीत स्वतःच्या चार कचोऱ्या घेऊन घेतल्या.

घरी परतल्यावर सुनेनं वही उघडून पाहिली. ती बरीच भरलेली होती. अक्षर काकांचं. काकूंना सवड नाही म्हणून त्यांच्या वतीनं काकांनी हे काम अंगावर घेतलं होतं, आणि तीस-बत्तीस वर्षं ज्या भाषेत लिहिलं त्याच भाषेत पार पाडलं होतं. 'विषय: कृतज्ञतेबाबत. उपरोक्त विषयान्वये नोंद घेण्यात येते की, १. आज रोजी दिवसभर वीज गेली नाही. २. गॅस सिलिंडर चकल्या पूर्ण झाल्यानंतर संपले. ३. मेहकरचे पाहुणे येणार होते, ते आले नाहीत.' खाली सही आणि दिनांक. पुढच्या पानावर: '१. सोयाबीन घरात येईपर्यंत पाऊस आला नाही. २. सौ.चा खांदा दुखतो, पण डावा. काम उजव्याने होते. ३. राजूर घाटात गाडी बंद पडली नाही.'

सून गोंधळली. "बाबा, यात चांगलं काय झालं असं कुठं लिहिलंच नाही. काय झालं नाही तेवढंच आहे."

"मंग तेच तं चांगलं झालं," काका म्हणाले.

मला काकांचं म्हणणं पटतं. ज्या मुलखात आभाळाचा भरवसा नाही तिथला माणूस असंच मोजतो. अक्षय तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, भोवती पापड, कुरडई, वडा, करंजी आणि राजाच्या नावाचं पान-सुपारी. रात्रभर तिकडं कोणी फिरकत नाही. पहाटे काय हललं, काय फुटलं, कोण जागेवर राहिलं ते पाहून वर्षाचं भाकीत सांगतात, आणि ते ऐकायला लांबलांबून शेतकरी येतात. शास्त्रवाले त्यावर दरसाल वाद घालतात. तो त्यांनी जरूर घालावा. पण करंजी फुटली नाही म्हणून निःश्वास टाकणाऱ्या माणसाला 'आज काय चांगलं झालं' हा प्रश्न निराळा ऐकू येतो. आमच्या चिखलीचंच घ्या. खामगाव–जालना रेल्वेमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. तो झाला असता तर गाडी चिखलीवरून जाती. अजून आलेली नाही. काकांच्या वहीत नोंद आहे: 'दिवाळीत रेल्वेस्थानकांवर चेंगराचेंगरी होते असे टीव्हीवर पाहिले. आपल्या गावी स्थानक नसल्याने समाधान वाटले.'

वहीच्या मागच्या पानांवर मात्र काकूंचं अक्षर होतं. बेसन, पोहे, खसखस, वेलदोडे, प्रत्येकापुढं भाव आणि बरोबरची खूण. शेवटी दुधाचा हिशोब. एका कोपऱ्यात बारीक अक्षरात, कोणी वाचू नये असं, लिहिलेलं: 'सूनबाईनं भांडे घासले. न सांगता.'

सुनेनं ते वाचलं. तिनं काही न बोलता वही मिटली आणि उशीर झाला तरी जेवायला का बसत नाही म्हणून सासूवर चिडली. मला वाटलं, पोरगी रुळली.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी त्यांच्याकडे फराळाला होतो. फटाके ओसरले होते. काकू भिंतीला टेकून डावा खांदा दाबत बसल्या होत्या. वहीत त्या दिवसाच्या पानावर एक छापील उपक्रम होता: 'ज्यांचे आभार आपण कधीच मानले नाहीत, अशा एका व्यक्तीसाठी आज काहीतरी करा.' काकांनी तो मोठ्यानं वाचला, बराच वेळ खाकरले, मग उठून कपाटातून बामची डबी काढली. ती घेऊन काकूंपाशी गेले. आम्ही सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागलो. काकांनी दोन बोटं बाम घेऊन काकूंच्या खांद्याला लावला, जरा चोळला आणि गोठ्यात बोलतात त्याच आवाजात म्हणाले,

"आज आवतन घ्या. उद्या पाडव्याले जेवाले या."

काकूंनी मान वळवून नवऱ्याकडं नीट पाहिलं.

"येतो ना," त्या म्हणाल्या. "पन सयपाक कोन करून राह्यलं, ते सांगा आधी."

काकांनी सुनेकडं पाहिलं. सुनेनं मुलाकडं पाहिलं. मुलानं मोबाईल काढला आणि पाडव्याला चिखलीत कोणतं हॉटेल उघडं असतं ते शोधू लागला. काका बामची बोटं धोतराला पुसत जागेवर आले, वही ओढली आणि त्या रात्रीची नोंद केली: 'आवतण देण्यात आले. स्वयंपाकाच्या मुद्द्यावर एकमत न झाल्याने विषय पुढील सभेपुढे ठेवण्यात येत आहे.'